डांगच्या पाच राजांना आजही पेन्शन मिळतं, पण यावलच्या त्या ४६९ जणांचं काय?

होळी जवळ आली की मोबाईलवर दरवर्षी एक व्हिडीओ फिरतो. गुजरातच्या डांग जिल्ह्यातलं आहवा गाव. सजवलेल्या बग्ग्या, पुढे ढोल आणि पावरीवाले, बग्गीत फेटे बांधलेली साधीसुधी माणसं. त्यांना मंचावर बोलावलं जातं, राज्यपालांच्या हस्ते त्यांचा सन्मान होतो आणि वर्षाचं पेन्शन दिलं जातं. हे डांगचे पाच भिल्ल राजे. गाढवी, आमाला, लिंगा, वासुर्णा आणि पिंपरी या पाच गाद्यांचे वारस. त्यांच्याबरोबर नाईक घराण्यांचे वारसही असतात.

व्हिडीओखाली कमेंट ठरलेली असते. अरे, इंदिरा गांधींनी १९७१ मध्ये राजेरजवाड्यांचे तनखे बंद केले होते ना? मग यांना कसे काय मिळतात?

उत्तर सोपं आहे. या पाच जणांना मिळणारे पैसे संस्थानिकांच्या तनख्यात धरले जात नव्हते. डांगच्या जंगलाच्या हक्काच्या बदल्यात इंग्रजांनी त्यांना पैसे द्यायला सुरुवात केली होती, ते राजकीय पेन्शन म्हणून चालू राहिले. राजे शेतकरी झाले, काहींनी छोट्यामोठ्या नोकऱ्या धरल्या, रक्कमही काही डोळे दिपवणारी नाही. पण नाव यादीत आहे आणि यादी बापाकडून मुलाकडे जाते.

असल्या याद्यांचं वेड फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत तर त्यासाठी मोठमोठ्या संस्था आहेत. १७८३ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध संपता संपता तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांनी सोसायटी ऑफ द सिनसिनाटी काढली. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. सभासदत्व बापामागून थोरल्या मुलाला. राजा नको म्हणून लढलेल्या लोकांनी वंशपरंपरेची संस्था काढली म्हणून बेंजामिन फ्रँकलिनने तिची टर उडवली होती. १८९० नंतर तर लाटच आली. मेफ्लॉवर जहाजातून १६२० मध्ये उतरलेल्या १०२ प्रवाशांच्या वंशजांची वेगळी संस्था, इंग्रजी वसाहतींच्या गव्हर्नरांच्या वंशजांची वेगळी. या सगळ्यांत शिरायला एकच गोष्ट लागते. पूर्वजाचं नाव जुन्या कागदावर असलं पाहिजे आणि त्या नावापासून तुमच्यापर्यंतची साखळी सिद्ध झाली पाहिजे.

आता डांगची साखळी मागे ओढत नेली तर ती येऊन थांबते थेट खानदेशात, जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावात. आणि एका इंग्रज अधिकाऱ्याजवळ. त्याचं नाव जेम्स आउट्राम.

हा माणूस तुम्ही बहुतेक पाहिलेला आहे. सत्यजित रे यांचा शतरंज के खिलाडी आठवा, १९७७ चा. लखनौच्या नवाबाचं राज्य खालसा करायला आलेला तो अस्वस्थ, चिरुटवाला जनरल. ती भूमिका रिचर्ड अटेनबरोने केली होती, ज्याने पुढे गांधी हा सिनेमा काढला. तो जनरल म्हणजेच आउट्राम. पण लखनौच्या आधी तीस वर्षं हा गडी सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्लांच्या मागे रानोमाळ हिंडत होता, हे सिनेमात येत नाही.

आउट्रामचा जन्म २९ जानेवारी १८०३ चा, इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा. बाप बेंजामिन आउट्राम नावाजलेला इंजिनिअर होता. कालवे आणि घोड्यांच्या रुळगाड्या बांधायचा. पण १८०५ मध्ये तो वारला आणि घरात पैशाची ओढाताण सुरू झाली. आई खमकी होती. ती पोरांना घेऊन स्कॉटलंडला गेली, सरकारदरबारी खेटे घालून तिने स्वतःसाठी पेन्शन मंजूर करून घेतलं. म्हणजे पेन्शनच्या यादीत नाव असण्याची किंमत या पोराला लहानपणीच कळली होती.

१८१९ मध्ये सोळा वर्षांचा आउट्राम कंपनीच्या मुंबई फौजेत कॅडेट म्हणून आला. चणीने अगदी बारका. पण घोड्यावर बसला की कुणाला ऐकायचा नाही. डुकराच्या शिकारीत पहिला भाला आपलाच लागला पाहिजे, ही त्याची खुमखुमी.

त्याच सुमारास खानदेश नुकताच इंग्रजांच्या हातात आला होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पण खानदेशात राज्य बदललं म्हणून शांतता झाली असं काही नव्हतं. पेंढाऱ्यांनी आणि दुष्काळाने गावं ओस पाडलेली. सातपुडा, सातमाळा आणि पश्चिमेच्या डोंगरांत भिल्लांच्या टोळ्या. घाटवाटा राखायचे, गावांची राखण करायचे त्यांचे जुने हक्क होते, ते गोंधळात बुडाले आणि पोटासाठी लूट सुरू झाली. कंपनीने सुरुवातीला फौजा पाठवल्या. डोंगरात गेलेल्या पलटणी भिल्लांपेक्षा हिवतापानेच जास्त लोळल्या.

त्यातून भिल्लांचा कुणाच्याही शब्दावर विश्वास नव्हता. त्याला कारण होतं. पेशवाईच्या शेवटच्या वर्षांत भिल्लांना अभय देतो म्हणून बोलावून घेऊन कापून काढण्याचे प्रकार झाले होते. कोपरगावची कत्तल त्यात कुप्रसिद्ध. चाळीसगाव आणि खुद्द धरणगावही त्यातून सुटलं नव्हतं. त्यामुळे सरकारने बोलावलं म्हणजे मान कापायला बोलावलं, एवढा सरळ हिशेब भिल्ल वस्त्यांवर होता.

१८२५ मध्ये बागलाणात भिल्लांनी उठाव केला. साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाची बनावट पत्रं दाखवून माणसं जमवली होती. एका डोंगरी किल्ल्यावर ते ठाण मांडून बसले. आउट्राम दोनेकशे शिपाई घेऊन रात्रीतून निघाला आणि पहाटे किल्ल्यावर जाऊन धडकला. उठाव मोडला. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याची नजर या बावीस वर्षांच्या पोरावर पडली.

एल्फिन्स्टनच्या डोक्यात एक योजना होती. भिल्लांना मारून संपवता येत नाही, मग त्यांनाच पगार देऊन पलटणीत घ्यायचं. खानदेशच्या तीन भिल्ल एजन्सी केल्या. दक्षिणेची कन्नडला, एक वायव्येकडची आणि एक ईशान्येकडची. ईशान्येच्या भागात चोपडा, यावल, सावदा, एरंडोल, अंमळनेर हे परगणे होते आणि ठाणं होतं धरणगाव. भिल्ल पलटण उभी करायचं काम मिळालं आउट्रामला. ज्या धरणगावातली इंग्रजांची वखार १६७५ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने लुटली होती, तिथेच हे नवं दुकान उघडलं.

आउट्रामने आधी काय केलं? आधी मार दिला. मालेगावहून फौजेची एक छोटी तुकडी मागवली, डोंगरातल्या एका टोळीवर अचानक छापा घातला. ठिकठिकाणी बंदुका उडवून अशी आवई उठवली की मोठी फौजच आली आहे. टोळी फुटली, माणसं आणि बायकापोरं हाती लागली. इंग्रजी चरित्रांत हा भाग दोन ओळींत उरकतात आणि लगेच पुढच्या छान भागावर येतात. आपण निदान लक्षात ठेवू की सुरुवात छाप्याने झाली होती.

मग छान भाग. पकडलेल्यांच्या नातेवाइकांमार्फत त्याने नाईकांशी बोलणं लावलं. नाईक म्हणजे भिल्लांच्या टोळीचा म्होरक्या. आउट्राम एकटा, पहारा न घेता त्यांच्याबरोबर जंगलात जाऊन राहायला लागला. त्यांच्याबरोबर जेवला, झोपला. ब्रँडीच्या बाटल्या सढळ हाताने उघडल्या, हे त्याने स्वतःच मागाहून कबूल केलंय. एवढं करून पहिल्या खेपेला पलटणीत यायला किती जण तयार झाले? पाच. या पाच जणांवर खानदेश भिल्ल पलटण उभी राहिली. वर्षा-दोन वर्षांत संख्या शेकड्यांवर गेली.

मधे अफवा उठायच्याच. सगळ्यांना एका रांगेत उभं करून गोळ्या घालायचा साहेबाचा बेत आहे, ही त्यातली सगळ्यात जोरदार. कोपरगाव आठवणाऱ्यांना ती खोटी वाटण्याचं कारणच नव्हतं. पुढे भिल्लांची तुकडी मालेगावला नेली, तेव्हा आउट्रामच्या जुन्या पलटणीतल्या उच्च जातीच्या शिपायांनी त्यांना शेजारी बसवून पानसुपारी दिली. हा प्रसंग साधा वाटतो. पण काल ज्यांच्यावर बंदूक रोखली त्यांना आज विडा देणं ही तेव्हाच्या फौजेत मोठी गोष्ट होती, आणि पलटण टिकायला ब्रँडीपेक्षा त्या विड्याचा हात जास्त असावा असं मला वाटतं.

दहा वर्षं आउट्राम खानदेशात होता. वाघांच्या शिकारीचे त्याचे किस्से तर ढीगभर. १८२५ ते १८३४ या काळात त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मिळून १९१ वाघ मारल्याची नोंद आहे. आज खानदेशातल्या सातपुड्यात वाघाचा एक ठसा दिसला तर बातमी होते, तेव्हा हा आकडा वाचून पोटात गोळा येतो. एकदा वाघ अशा झुडपात बसला होता की नेम धरताच येईना. मग भिल्लांनी आपल्या पगड्या सोडल्या, एकमेकींना बांधल्या, त्या आउट्रामच्या कमरेला गुंडाळून त्याला झाडाच्या फांदीवरून खाली लोंबकळत सोडलं. त्याने तसाच अधांतरी बार काढला. वाघ पडला. पगड्या टिकल्या, म्हणून पुढचा इतिहास घडला.

आता यावलकडे येऊ.

यावल म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. निंबाळकरांचा किल्ला ही त्याची जुनी ओळख. कधीकाळी इथे हातकागद बनायचा आणि नीळ निघायची. वर डोंगर, खाली केळीचा आणि कापसाचा सपाट काळा मुलूख. डोंगरातून उतरून गावात घुसायचं आणि पहाटेच्या आत परत वर जायचं, यासाठी याच्याइतकी सोयीची जागा नाही. १८३१ मध्ये यावल आणि सावदा भागात दरोडे फार वाढले, तेव्हा सरकारने तपासाला आउट्रामला पाठवलं.

त्याच्याकडे भिल्ल पलटण होती. कोण कुठल्या टोळीचा, कुणाची बहीण कुठल्या पाड्यावर दिलेली, कोण रात्री कुठे झोपतो, हे सगळं पलटणीतल्या माणसांना ठाऊक. इंग्रज फौजेला जे दहा वर्षांत जमलं नव्हतं ते थोड्याच काळात झालं. संशयावरून ४६९ जणांना धरलं. त्यातल्या १५८ जणांना खटल्यासाठी ठेवलं.

हा आकडा आउट्रामच्या चरित्रांत त्याच्या कामगिरीच्या यादीत येतो. एका वाक्यात येतो आणि वाक्य संपतं. पण जरा हिशेब करा. ४६९ मधून १५८ वजा केले तर राहतात ३११. म्हणजे पकडलेल्या तीन माणसांपैकी दोन अशी, की ज्यांच्यावर खटला भरण्याइतकंही काही नव्हतं. ती कोण होती, किती दिवस अडकली, परत आली तेव्हा घर जागेवर होतं का, हे त्या चरित्रांत कुठेच येत नाही. १९१ वाघ मोजणाऱ्या माणसाने माणसंही तशीच मोजली.

याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८३० मध्ये, आउट्राम डांगमध्ये जाऊन आला होता. खानदेशच्या पश्चिमेला सह्याद्रीची टोकं उतरतात तिथलं हे घनदाट सागवानी जंगल. तिथल्या भिल्ल राजांची माणसं खाली येऊन खानदेशातली गावं लुटायची. गाढवीचा सिलपत राजा त्यात प्रमुख. इंग्रजांना तोवर जंगलाच्या आतला रस्तासुद्धा धड माहीत नव्हता. आउट्राम भिल्ल पलटण आणि फौजेच्या तुकड्या घेऊन आत घुसला आणि काही आठवड्यांत राजे शरण आले.

पण इथे गंमत बघा. यावलच्या भिल्लांना तुरुंग मिळाला आणि डांगच्या भिल्ल राजांबरोबर करार झाला. फरक कशाचा? डांगमध्ये साग होता. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला इंग्रजांना साग हवा होता आणि आसपासची बरीच जंगलं तोडून संपत आली होती. १८४२ च्या सुमारास कंपनीने डांगची जंगलं राजांकडून भाड्याने घेतली. भाडेपट्टा करायचा तर समोर मालक लागतो, मालकाचं नाव लागतं, आणि मालक मेला तर पुढचे पैसे कुणाला द्यायचे याचा नियम लागतो. म्हणून याद्या झाल्या. राजा कोण, नाईक कोण, वारस कोण. पैसे वाटायला वर्षातून एकदा सगळ्यांना एकत्र बोलवायची रीत पडली. तोच डांग दरबार. एकोणिसाव्या शतकात तो भरवायचा तो खानदेशचा कलेक्टर, कारण डांगचा पोलिटिकल एजंट तोच असायचा. डांगी बोली ऐकली तर अहिराणी बोलणाऱ्या माणसाला परकी वाटत नाही, ते उगाच नाही. १९६० मध्ये डांग कुणाचा यावर महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात रण माजलं, शेवटी तो गुजरातला गेला. राज्यं बदलली, दरबार चालू राहिला.

आउट्राम मात्र १८३५ मध्ये खानदेशातून गेला. तिथून पुढचं त्याचं आयुष्य म्हणजे नकाशावर रेघोट्या ओढल्यासारखं आहे. आधी गुजरातेत महीकांठा. मग पहिलं अफगाण युद्ध. १८३९ मध्ये कलात पडल्यावर अफगाण पीराचा वेश करून शत्रूच्या मुलखातून आठवडाभरात समुद्रकाठ गाठला. मग सिंध. तिथे चार्ल्स नेपियरने एका मेजवानीत त्याची तुलना बायार्ड या निर्भय, निष्कलंक फ्रेंच सरदाराशी केली. ते बिरुद आउट्रामला जन्मभर चिकटलं. आणि वर्षभरातच दोघे कट्टर वैरी झाले, कारण सिंधच्या अमीरांवर नेपियर अन्याय करतोय असं आउट्रामचं मत होतं. १८४३ मध्ये हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला तेव्हा तो लढला, पण सिंध जिंकल्यावर लुटीतला वाटा आला, सुमारे ३ हजार पौंड, तो त्याने स्वतःकडे ठेवला नाही, शाळा आणि धर्मादाय कामांना देऊन टाकला. घरात पैसा नसलेल्या माणसाने.

१८४४ मध्ये तो पुन्हा मराठी मुलखात आला. कोल्हापूरच्या गडकऱ्यांचं बंड मोडायला. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्यांवर चाकरी करणारे, त्याबद्दल जमिनी खाणारे लोक. कंपनीने ती वतनं हिसकावायला घेतली म्हणून ते उठले होते. पन्हाळा, सामानगड, सावंतवाडीकडचा मनोहरगड, सगळीकडे तोफा चालल्या. वारसाहक्क देणारं आणि वारसाहक्क मोडणारं सरकार एकच होतं आणि दोन्ही कामांना माणूसही एकच.

मग सातारा, मग बडोदा. बडोद्याला रेसिडेंट असताना त्याला दिसलं की मुंबईच्या सचिवालयापर्यंत लाच पोचते, अशी बाजारात उघड चर्चा आहे. त्याने त्यावर भलामोठा रिपोर्ट लिहिला. त्या लाचखोरीच्या जाळ्याला त्याने शब्द वापरला तो आपलाच, खटपट. हा मराठी-गुजराती शब्द इंग्रजी सरकारी कागदांत जाऊन बसला. बक्षीस काय मिळालं? १८५१ मध्ये बदली, खरं तर हकालपट्टी. तीन वर्षांनी लंडनहून आणि कलकत्त्याहून सूत्रं हलली तेव्हा त्याला परत बडोद्याला बसवलं गेलं. सरकारी नोकरीत असणाऱ्या वाचकांना हा भाग समजावून सांगायची गरज नाही.

१८५४ च्या अखेरीस तो लखनौला रेसिडेंट झाला आणि फेब्रुवारी १८५६ मध्ये त्याच्याच हातून अवध खालसा झालं. वाजिद अली शाहने सही करायला नकार दिला, राज्य गेलंच. मग आउट्राम इराणच्या मोहिमेवर गेला, ती जिंकून परततो तर इकडे सत्तावनचा वणवा पेटलेला. लखनौच्या रेसिडेन्सीत इंग्रज अडकले होते. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेत आउट्राम हॅवलॉकपेक्षा वरच्या हुद्द्याचा होता. पण हॅवलॉक आधीपासून लढत आलाय, श्रेय त्याचंच, असं म्हणून त्याने सेनापतीपण सोडलं आणि साधा स्वयंसेवक म्हणून घोड्यावर बसला. २५ सप्टेंबर १८५७ ला ते आत शिरले आणि आतच अडकले. नोव्हेंबरमध्ये दुसरी फौज आली तेव्हा कुठे सुटका झाली.

त्याच नोव्हेंबरात इकडे खानदेशात काय चाललं होतं? सेंधव्याच्या घाटात सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला. लुटणारा होता खाज्या नाईक. बाप गुमानी नाईक सेंधवा घाटाचा राखणदार, बापामागून ती नोकरी खाज्याकडे आलेली. इंग्रजांनीच नेमलेला वारसदार माणूस. मधे एका मृत्यूच्या प्रकरणात त्याला तुरुंगात टाकलं, मग सोडलं, मग पुन्हा कामावर घेतलं. सत्तावनात तो फिरला. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात आंबापाणीला मोठी लढाई झाली. भिल्ल, त्यांच्या बायका, सगळे लढले. पकडलेल्या पुरुषांना जागेवर खटला चालवून गोळ्या घातल्या, शेकडो बायकांना कैद केलं. इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्यांत भिल्ल पलटण होती. आउट्रामने पाच माणसांवर सुरू केलेली. खाज्या नाईक हाती लागला नाही, १८६० मध्ये दगाफटक्याने मारला गेला.

आउट्राम मार्च १८५८ पर्यंत लखनौबाहेर आलमबागेत सुमारे चार हजार माणसांनिशी तळ ठोकून होता. लखनौ पडल्यावर गव्हर्नर जनरल कॅनिंगने फर्मान काढलं की अवधच्या जवळजवळ सगळ्या जमीनदारांच्या जमिनी जप्त. आउट्रामने विरोध केला. जमीन गेली तर हे लोक जन्मभर जंगलात राहून लढतील, असं त्याचं म्हणणं. खानदेशात दहा वर्षं काढलेला माणूस बोलत होता. फर्मान थोडं मऊ झालं आणि पुढे शरण आलेल्या तालुकदारांना जमिनी परत मिळाल्या, सनदा मिळाल्या. १८६१ मध्ये याच तालुकदारांनी लखनौला आपली संस्था काढली, ब्रिटिश इंडियन असोसिएशन. कैसरबागेची सफेद बारादरी ज्यांच्याकडे असते ती हीच संस्था. सभासदत्वासाठी काय लागायचं ते सांगायला नको. तालुकदारांच्या यादीत घराण्याचं नाव.

आउट्रामला स्वतःलाही वंशपरंपरेची किताबत मिळाली. १८५८ मध्ये तो बॅरोनेट झाला. म्हणजे नावापुढे सर, आणि बापामागून मुलाच्या नावापुढेही. १८६० मध्ये प्रकृती पार ढासळल्यावर त्याने हिंदुस्थान सोडला. ११ मार्च १८६३ ला फ्रान्समधल्या पो गावी तो वारला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याला पुरलं. किताबत एकुलत्या एका मुलाकडे, फ्रान्सिसकडे गेली. लंडनला थेम्सकाठी त्याचा पुतळा आहे. कलकत्त्यात घोड्यावरचा आहे, मागे वळून बघणारा, तो रस्त्यावरून हलवून व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात नेला.

खानदेशात पुतळा नाही. पण एक गोष्ट चरित्रकार सांगतात. आउट्राम गेल्यावर पुष्कळ वर्षांनी पलटणीतल्या काही म्हाताऱ्या भिल्लांना कुठेतरी एक ओबडधोबड मूर्ती सापडली. ती त्यांना आउट्राम साहेबासारखी दिसली. मग त्यांनी तिला शेंदूर वगैरे लावून पूजा सुरू केली म्हणे. इंग्रजांना ही गोष्ट फार आवडायची, आपण किती प्रेमळ होतो याचा पुरावा म्हणून. यावलच्या ३११ जणांपैकी कुणी ती मूर्ती पुजली असेल असं मला वाटत नाही. पण पलटणीत ज्यांना पगार, गणवेश आणि मान मिळाला त्यांना तो देव वाटला असेल, तेही खोटं म्हणता येत नाही. दोन्ही भिल्लच होते. पलटण पुढे १८९१ मध्ये पोलिसांत विलीन झाली.

आज यावलमध्ये एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. अख्ख्या जळगाव जिल्ह्यातल्या भिल्ल, पावरा, तडवी, कोळी पोरांच्या वसतिगृहापासून शिष्यवृत्तीपर्यंतची कामं तिथून चालतात. आणि कुठल्याही आदिवासी पोराला मेडिकलला, इंजिनिअरिंगला राखीव जागेवर जायचं किंवा नोकरीला लागायचं, तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते कशावर मिळतं? कागदावर. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा असला तर सगळ्यात बरं. आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्ममृत्यूच्या रजिस्टरातली नोंद, जुना सातबारा, काहीही, पण नाव हवं आणि नावापासून पोरापर्यंतची वंशावळ हवी. जंगलातल्या जमिनीचा दावा लावायचा तरी तेच. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा दाखवावा लागतो.

ज्याचा पणजोबा कधी शाळेत गेला नाही, ज्याचं शेत कधी त्याच्या नावावर चढलं नाही, त्याने कागद आणायचा कुठून? सातपुड्यातल्या पाड्यांवर हा प्रश्न दरवर्षी जून-जुलैत, अ‍ॅडमिशनच्या वेळी उभा राहतो. आहव्यात गाढवीच्या वारसाला आपण कुणाचे कोण हे सिद्ध करायला फार लांब जावं लागत नाही, त्याच्या पणजोबाचं नाव सागाच्या भाड्यासाठी सरकारनेच लिहून ठेवलंय. यावलच्या बाजूने डोंगरात चढलं की पाड्यावरचा पोरगा आजोबांचा दाखला शोधत तालुक्याच्या शाळेतली जुनी रजिस्टरं चाळत बसलेला असतो. बहुतेक वेळा आजोबांच्या नावापुढे जात लिहिलेली नसते, किंवा आडनावाच्या जागी नुसतं भिल्ल असं लिहिलेलं असतं. ते सापडलं तर त्या दिवशी घरी कोंबडं कापतात.